सव्वा महिना

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत महाराष्ट्रातील बऱ्याच घरांत अजूनही पाळली जाते, आणि त्यानंतरचा सव्वा महिना बाळ-बाळंतीण एका उबदार खोलीत, वडीलधाऱ्या बायकांच्या देखरेखीखाली राहतात. या काळात पहिलटकरणीला दोन्ही बाजूंनी सूचना मिळत असतात: एकीकडून आई, आजी आणि बाळाला न्हाऊ घालणारी बाई, तर दुसरीकडून डॉक्टर, परिचारिका आणि आशाताई. या दोहोंत सरसकट विरोध आहे असे मानण्याचे कारण नाही. परंपरेने बाळंतिणीसाठी जे केले ते बहुतांशी हिताचे आहे. बाळाच्या तोंडात, डोळ्यांत आणि बेंबीवर जे घातले, ते मात्र बहुतांशी टाळण्याजोगे आहे.

प्रसूतीनंतरचे दोन-तीन दिवस जे दाट, पिवळसर दूध येते त्याला चीक म्हणतात. तो बाळाला पचायचा नाही, असे समजून पूर्वी अनेक घरांत तो पिळून टाकला जाई आणि बाळाला मधाचे बोट चाटवले जाई. वास्तविक चिकात प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, भरपूर असतात. आणि पहिल्या दिवशी बाळाच्या जठरात एका वेळी जेमतेम चमचाभर दूध मावत असल्याने त्याचे थोडे प्रमाणही पुरेसे असते. मधात क्वचित असे जिवाणूबीज असते की ज्याच्या विषाने तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात, म्हणून वर्षभर मध देऊ नये.

‘दूध पुरत नाही’ ही पहिलटकरणीची सर्वांत मोठी धास्ती असते. बाळ जितके चोखते तितके आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून संदेश नेणारे द्रव्य, अधिक स्रवते आणि दूध तयार होते. ते बाहेर येण्याचे, म्हणजे पान्हा फुटण्याचे, काम ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाचे असून वेदना आणि काळजी यांनी ते अडते. गाय पान्हा चोरते हे गोठ्यात वावरणाऱ्यांना ठाऊक असते, पण बाळंतिणीला टोमणे मारताना त्याचा विसर पडतो. बाळाचे रडणे हे भुकेचे खात्रीचे माप नव्हे. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा शू करत असेल आणि पहिल्या आठवड्यात थोडे घटलेले वजन दोन आठवड्यांत भरून आले असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. घाईने डब्याचे दूध सुरू केले की बाळाचे चोखणे कमी होते आणि नसलेली अडचण खरी ठरते.

बाळगुटीचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तिच्यात आजीचे कौशल्य आणि माया दोन्ही गुंतलेली असतात. हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, बदाम, खारीक अशी द्रव्ये सहाणेवर उगाळायची, कशाचा एक वेढा, कशाचे दोन, हे बाळाच्या पोटाकडे पाहून ठरवायचे. असा तो हातचा हिशेब असतो. परंतु सहाण आणि पाणी निर्जंतुक नसते, वेढ्याचे वजन कोणालाच सांगता येत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीदेखील द्यावयाचे नसते. त्यामुळे गुटी वगळणेच श्रेयस्कर. नाळ कोरडी आणि उघडी ठेवली की साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप गळते. तिला हळद, राख वा तेल लावू नये. काजळही डोळ्यांत घालू नये, त्यात शिसे असू शकते.

उबेचा आग्रह मात्र शंभर टक्के रास्त आहे. मोठ्या माणसासारखे कुडकुडून अंगात उष्णता निर्माण करणे नवजात बाळाला साधत नाही, म्हणून पहिली अंघोळ निदान 24 तास लांबवावी. कोळशाची शेगडी बंद खोलीत विषारी वायू सोडते. तिच्याऐवजी आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरावे. कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत 1970च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे रूढ झाली आणि आज ती ‘कांगारू मातृसेवा’ म्हणून ओळखली जाते.

घरी जाऊन बाळ पाहण्याचे महत्त्व गडचिरोलीने सिद्ध केले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. तेथील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अहवाल 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 2011 पासून देशभर आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, त्यामागे हाच अनुभव आहे. त्यांची शेवटची भेट 42व्या दिवशी असते आणि जन्मवेळच्या लसींनंतरचे लसीकरणही सहाव्या आठवड्यातच येते. म्हणजे सव्वा महिना सरतो न सरतो तोच.

बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येणे स्वाभाविक आहे. पण ही उदासी दोन आठवड्यांपलीकडे टिकली तर तो आजार असू शकतो, त्याला नाटक म्हणू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

बाळाने दूध ओढणे सोडले, अंग तापले वा गार पडले, श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक झाला, आकडी आली, किंवा पहिल्या 24 तासांतच कावीळ दिसली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्या बाळावरील उपचार मोफत असतात आणि तेथे नेण्यासाठी 102 किंवा 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.