अष्टकोनाबाहेरचं गाव

नेउकेन शहरातून बावीस क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने पश्चिमेला निघालं की नदीकाठच्या फळबागा बघता बघता संपतात आणि पातागोनियाचं माळरान सुरू होतं. अर्जेंटिनाच्या या भागात पाऊस वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे नजर जाईल तिथवर गुडघाभर, फार तर कमरेएवढी काटक झुडपं, मधूनमधून उघडी पडलेली पिवळट-तांबूस माती, आणि अँडीज ओलांडताना सगळी ओल तिकडेच सांडून कोरडाठाक झालेला पश्चिमेचा वारा. हा वारा अधूनमधून येणारा पाहुणा नाही, तो इथला रहिवासी आहे. घरांच्या पश्चिम अंगाला उंच सडपातळ पॉप्लर लावलेले दिसतात ते त्याच्याच धाकाने. शंभरेक किलोमीटर गेल्यावर एकमेकांना चिकटलेली दोन गावं लागतात, प्लासा विंकुल आणि कुत्राल को. मिळून वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. एका गावातून दुसऱ्यात कधी शिरलो हे परक्याला कळतही नाही. पण एकाच माळावर, एकाच तेलावर वसलेली वस्ती दोन गावांत का विभागली, या प्रश्नाचं उत्तर हाती लागलं तर तेलगाव म्हणजे काय हेही कळतं. तेल आलं की गाव येतं आणि तेल गेलं की गाव जातं, हा आपला सर्वसाधारण समज. ही दोन गावं तो खोटा पाडतात. इथे तेल संपलंच नाही, तरीही गाव मरणाच्या दारात पोचलं, आणि तिथून परतलं ते तेलाच्या जोरावर नव्हे.

तेल लागलं २९ ऑक्टोबर १९१८ रोजी, सुमारे सहाशे मीटर खोलीवर, सरकारी खाण खात्याने खणलेल्या पहिल्या विहिरीत. त्याआधी १९०७ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर कोमोदोरो रिवादाविया इथे तेल सापडलं होतं, त्यामुळे सरकार या वेळी सावध होतं. परदेशी कंपन्या आजूबाजूची जमीन बळकावण्याआधी सरकारने विहिरीभोवती नकाशावर एक अष्टकोन आखला आणि आतली सगळी जमीन राखीव करून टाकली. पुढे १९२२ मध्ये वायपीएफ ही सरकारी तेलकंपनी स्थापन झाली आणि जनरल एन्रिके मोस्कोनी यांनी ती उभी केली. जमिनीतून तेल काढण्यापासून पंपावर पेट्रोल विकण्यापर्यंत सगळं सरकारी मालकीच्या एकाच कंपनीने करायचं, असा प्रयोग सोव्हिएत रशियाबाहेर तोवर झालेला नव्हता. त्या अष्टकोनात कंपनीने घरं बांधली, दवाखाना, शाळा, क्लब, किराण्याचं दुकान चालवलं आणि, या माळावर जे सोन्याच्या मोलाचं होतं, ते पाणीही पुरवलं. कंपनीच्या माणसाला तिथे इपेफियानो म्हणत. तो शब्द नोकरी सांगायचा आणि जवळजवळ जातही सांगायचा.

पण कंपनीला लागत ते कामगार. त्यांच्या मागोमाग येणारे सुतार, न्हावी, खाणावळवाले, फिरते विक्रेते, कामाच्या आशेने आलेले आणि काम न मिळालेले लोक अष्टकोनात नकोसे होते. राखीव जमिनीवर त्यांना घर बांधायची मुभा नव्हती. १९३३ मध्ये हे लोक सीमेच्या अगदी पलीकडे, पश्चिमेला जाऊन वसले. त्या वस्तीचं पहिलं नाव होतं बार्रिओ पेलिग्रोसो, म्हणजे धोकादायक वस्ती. धोका कुणाला, हे नाव सांगत नाही. रेषेच्या आतून पाहणाऱ्यांना, असं समजायला हरकत नाही. लवकरच तिला मापुचे भाषेतलं नाव मिळालं, कुत्राल को. कुत्राल म्हणजे आग, को म्हणजे पाणी. शेजारच्या विंकुलचा अर्थही त्याच भाषेत टेकडी. ही नावं लक्षात ठेवायला हवीत, कारण ‘ओसाड माळ’ हे वर्णन इथे फारसं प्रामाणिक नाही. हा मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्जेंटिनाच्या सैन्याने मापुचे लोकांकडून मोहीम काढून हिसकावला. त्याच सैन्याबरोबर आलेली कार्मेन फुनेस ही बाई पुढे इथल्या पाणवठ्यावर राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्याला तिने भाकरतुकडा आणि आसरा दिला, आणि तेल लागण्याआधीच वारली. गावाचा इतिहास सांगताना स्थानिक लोक विहिरीच्या आधी तिचं नाव घेतात, आणि ते मला रास्त वाटतं.

तर एक गाव, प्लासा विंकुल, रेषेच्या आतलं, कंपनीने वाढवलेलं. दुसरं बाहेरचं, स्वतःच्या हाताने उभं राहिलेलं. वाऱ्याचाही यात थोडा खट्याळ न्याय आहे. तो पश्चिमेचा असल्यामुळे बाहेरच्या गावाची धूळ साठ-सत्तर वर्षं आतल्या गावाच्या खिडक्यांवर बसत आली. बाहेरच्या गावाची बढाई मारण्याचा मोह मात्र आवरायला हवा. कुत्राल कोच्या दुकानांत खर्च होणारा पैसा शेवटी अष्टकोनातल्या पगाराचाच होता, आणि अनेक इपेफियानो पुढे तिथेच घरं घेऊन राहिले. फरक इतकाच, की पाणी, वीज, रस्ता यांतलं काही मागायचं तर कंपनीच्या साहेबाकडे अर्ज करून भागत नसे. एकत्र यावं लागे, संस्था काढावी लागे, भांडावं लागे. ही सवय पुढे किती उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

कसोटी आली १९९०च्या दशकात. कार्लोस मेनेम यांच्या सरकारने १९९२ मध्ये वायपीएफच्या खासगीकरणाचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी कंपनीचे शेअर बाजारात आले. देशभरात पन्नास हजारांच्या घरात असलेली कामगारसंख्या काही वर्षांत दहा हजारांच्याही खाली आली. या दोन गावांत कंपनीवर पोट असलेली माणसं हजारांनी होती. त्यातली बहुतेक घरी बसली. भरपाईची रक्कम हातात आली, त्यातून कुणी टपरी टाकली, कुणी गाडी घेऊन भाड्याने चालवायला काढली. पण सगळेच दुकानदार आणि सगळेच टॅक्सीवाले झाल्यावर गिऱ्हाईक कोण होणार? दोन-तीन वर्षांत ती पुंजी आटली. जमिनीतून तेल मात्र निघतच होतं. पंपाचे लोखंडी दांडे पूर्वीसारखेच मान खाली-वर करत होते. तिथे त्यांना करकोचा म्हणतात, आणि पाण्यात चोच बुडवून काढणारा करकोचा पाहिला असेल तर या नावावर हसूही येतं आणि ते पटतंही. विहिरी चालू, शुद्धीकरण कारखाना चालू आणि बाजारपेठ बंद, असं दृश्य ‘तेल संपलं की गाव संपतं’ या हिशेबात कुठेच बसत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. खासगीकरणाचे समर्थक म्हणत, वायपीएफ ही जगातली तोट्यात चालणारी एकमेव तेलकंपनी होती. गरजेपेक्षा कितीतरी जास्त माणसं पोसणारी कंपनी कधी ना कधी कोसळणारच होती, आणि गावाने आयुष्यभर एकाच धन्यावर विसंबून राहायला नको होतं. यातला शेवटचा भाग खरा आहे. तोट्याचा भाग मात्र अर्धाच खरा आहे. १९७६ ते १९८३च्या लष्करी राजवटीत कंपनीच्या नावावर परदेशी कर्जाचा डोंगर रचला गेला आणि त्यातले डॉलर तेलासाठी कमी, सरकारची परकीय चलनाची नड भागवण्यासाठी जास्त वापरले गेले. ज्याच्या नावावर दुसऱ्याचं कर्ज चढवलं त्यालाच उधळ्या ठरवण्यातला हा प्रकार. कामगार जास्त होते हेही मान्य करू. तरी किती माणसं कमी करायची आणि किती वर्षांत, हा निर्णय भूगर्भाने घेतलेला नव्हता. तो ब्वेनोस आयरेसमध्ये घेतला गेला, आणि त्या टेबलाशी या दोन गावांचं कुणी नव्हतं.

जून १९९६ मध्ये प्रांताच्या गव्हर्नरांनी कॅनडाच्या एका कंपनीबरोबरचा खतकारखान्याचा करार रद्द केला. तो कारखाना इथे येणार होता. उरलीसुरली आशा तीच होती. २० जूनला लोक रस्त्यावर उतरले. टायर, झाडाच्या फांद्या, जुन्या गाड्या टाकून महामार्ग अडवला गेला. नाकाबंदीचं मुख्य ठिकाण होतं तोर्रे उनो, म्हणजे ‘पहिला मनोरा’, पहिल्या विहिरीची आठवण म्हणून महामार्गालगत उभा असलेला सांगाडा. ही निवड सोयीची होतीच, पण ती बोलकीही होती. आमच्या प्रांतातला तुमचा तेलउद्योग इथून सुरू झाला, असं त्यातून ब्वेनोस आयरेसच्या दरबारी सांगितलं जात होतं. जूनमध्ये तिकडे हिवाळा. उघड्या माळावर, त्या वाऱ्यात, रात्रंदिवस लोक शेकोट्या पेटवून बसले. २५ तारखेला केंद्रीय न्यायाधीश बाई निमलष्करी तुकडी घेऊन रस्ता मोकळा करायला आल्या, तेव्हा समोर सुमारे वीस हजार माणसं होती, म्हणजे दर पाच रहिवाशांमागे दोघं. हे प्रकरण आपल्या अधिकारकक्षेत येत नाही, असं जाहीर करून त्या परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर फेलिपे सापाग यांनी तिथे येऊन लेखी करार केला. रस्ता अडवण्याला पिकेते आणि अडवणाऱ्यांना पिकेतेरो म्हणतात. पुढच्या दहा वर्षांत अर्जेंटिनाच्या राजकारणात रुळलेले हे शब्द या माळावरून देशभर गेले. पुढल्या वर्षी शिक्षकांच्या संपातून पुन्हा आंदोलन पेटलं आणि १२ एप्रिल १९९७ रोजी तेरेसा रोद्रिगेस ही चोवीस वर्षांची, घरकाम करणारी तरुणी गोळी लागून मरण पावली.

रस्ता अडवून गाव चालत नाही, असंही म्हटलं जातं. बरोबरच आहे, पण त्या नाकाबंदीतून काय पदरात पडलं ते पाहायला हवं. प्रांताने एल मांग्रुज्यो हे वायुक्षेत्र दोन्ही गावांच्या हवाली केलं, आणि पुढे त्याच्या उत्पन्नाचा वाटा त्यांना मिळू लागला. अष्टकोनाबाहेर हाकललेल्या वस्तीच्या नावावर साठ वर्षांनी जमिनीखालचा हिस्सा आला. प्लासा विंकुलचा शुद्धीकरण कारखाना आजही वायपीएफच्या तीन कारखान्यांपैकी एक आहे, सर्वांत छोटा. २००१ मध्ये जोडीला मिथेनॉलचा कारखाना आला. स्वतः वायपीएफ १९९९ मध्ये स्पेनच्या रेप्सोलच्या ताब्यात गेली आणि २०१२ मध्ये ५१ टक्के हिश्शानिशी पुन्हा सरकारकडे आली. कुत्राल कोच्या वीज सहकारी संस्थेने तर १९९४ मध्येच, नोकऱ्या जात असतानाच, ४०० किलोवॉटची पवनचक्की उभी केली होती. तिच्या विजेने गाव उजळलं असं कुणी म्हणणार नाही. पण देशातल्या अगदी सुरुवातीच्या पवनचक्क्यांपैकी एक एका तेलगावच्या सहकारी संस्थेने उभारावी, यात बाहेरच्या गावाची ती जुनी सवय दिसते.

मग पाहुण्याने इथे पाहावं काय? तोर्रे उनो आहेच, पण त्याहून जास्त वेळ द्यावा तो कार्मेन फुनेसच्याच नावाच्या नगरपालिकेच्या संग्रहालयाला. १९८७ मध्ये जवळच्या एका शेतकऱ्याला आपल्या रानात दगड झालेला लाकडाचा ओंडका दिसला. तो निघाला पायाचं हाड. होसे बोनापार्ते आणि रोदोल्फो कोरिया या अभ्यासकांनी १९९३ मध्ये त्या प्राण्याला अर्जेंटिनोसॉरस हे नाव दिलं. पृथ्वीवर चाललेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी हा एक, अंदाजे तीस मीटरहून लांब आणि साठ-सत्तर टनांच्या पुढचा. सांगाड्याच्या प्रतिकृतीपेक्षा त्याचा एकच मणका नीट बघावा. उंची दीड मीटरहून जास्त. शाळकरी पोर शेजारी उभं राहिलं तर मणकाच उंच भरतो. पण डायनोसॉरच्या जोरावर गाव जगेल, ही आशा मला भाबडी वाटते. महामार्गावरचे पर्यटक अँडीजच्या तळ्यांकडे निघालेले असतात. ते तासभर थांबतात, फोटो काढतात आणि पुढे जातात.

आता तेजी उत्तरेला आहे. वाका मुएर्ता, म्हणजे ‘मेलेली गाय’, या नावाच्या खडकातून पाणी आणि वाळूच्या दाबाने तेल-वायू काढण्याचं काम २०१३ नंतर जोरात सुरू झालं आणि आन्येलो हे खेडं त्याचं केंद्र बनलं. इथे शेवटचा आक्षेप उभा राहतो: आता कामगार पाळीने येतात, छावणीत राहतात, सुट्टीला घरी जातात, मग माळावर गाव हवंच कशाला? छावणीचा हिशेब कंपनीला परवडतो हे खरं. पण आन्येलोत घरभाडं, पाणी, शाळा, दवाखाना यांची जी ओढाताण चालू आहे ती पाहिली की शंभर वर्षांपूर्वीचा अष्टकोन आठवतो. विहिरीला माणसं हवीत, त्यांची बिऱ्हाडं नकोत, हाच तो जुना हट्ट. प्लासा विंकुलहून आन्येलोला जाणारा रस्ता सतरा क्रमांकाचा. तेरेसाला गोळी लागली ती याच रस्त्यालगत, आणि पाइप, वाळू, यंत्रं लादलेले ट्रक आज तिथूनच उत्तरेकडे वळतात. वाऱ्याच्या झोताने ताडपत्र्या फडफडतात, आणि ड्रायव्हर वेग कमी न करता पुढे निघून जातात.