मोजणीला माणूस कोण नेमावा?

बालाघाटहून बैहरकडे जाताना घाट लागतो आणि घाटाबरोबर जमिनीची गोष्टही बदलते. खाली वैनगंगेच्या खोऱ्यात वारासिवनी, कटंगी, लांजीकडे धानाच्या बांध्या आणि खसऱ्यावर नाव असलेले शेतकरी. वर बैहर, बिरसा, परसवाड्याकडे सालाचं जंगल, वनग्रामं, बैगा आणि गोंडांचे टोले. जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाखाली आहे. तिथे तीन पिढ्या एकाच अंगणात नांदलेल्या कुटुंबाकडेही त्या अंगणाचा कागद असेलच असं नाही. घरकुल असो, वनहक्काचा दावा असो की आबादीतल्या जागेचा पट्टा, सुरुवात एकाच गोष्टीने होते. कुणीतरी दारात येतो, विचारतो, मोजतो आणि लिहून नेतो.

हा माणूस नेमताना संस्था, कंत्राटदार आणि सरकारी कचेऱ्याही काही ठरीव समजुतींवर चालतात. त्या तपासून पाहणं गरजेचं आहे, कारण चुकीच्या भरलेल्या अर्जाची शिक्षा अर्ज भरणाऱ्याला होत नाही, ज्याचा अर्ज आहे त्याला होते.

गैरसमज: यंत्र चालवता येतं तो सर्व्हेअर

जाहिराती बहुधा अशाच असतात. डिप्लोमा, जीपीएसचा अनुभव, स्वतःची मोटारसायकल, स्मार्टफोन. यातलं काहीही वाईट नाही. पण जीपीएस हातात घेऊन बांधाच्या कडेने चालायला कोणत्याही दहावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला दोन-तीन दिवसांत शिकवता येतं. वर्षानुवर्षं शिकूनही सगळ्यांना जमत नाही ते काम वेगळं आहे: म्हातारी बोलते आहे तेव्हा गप्प राहणं, आणि ती जे म्हणाली तेच लिहिणं.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांनुसार दाव्याला किमान दोन पुरावे लागतात, आणि ते सरकारी कागदच असावेत असं बंधन नाही. घर, झोपडी, सपाट केलेली जमीन, बांध, बंधारा या जमिनीवरच्या खुणा पुरावा ठरतात. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं निवेदनही ठरतं. म्हणजे पुरावा बहुतेक वेळा शिवारात पडलेला असतो किंवा कुणाच्या तरी आठवणीत असतो. मोडक्या घराचं जोतं ओळखणारी नजर आणि आठवण नीट उतरवून घेणारा हात, हे सर्व्हेअरचं खरं साहित्य आहे.

बैगांच्या बाबतीत तर प्रश्न कसा विचारला यावर सगळं ठरतं. या समाजाची जुनी शेती बेवर, म्हणजे जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत बी टाकायचं आणि काही वर्षांनी दुसरीकडे सरकायचं. धरतीमातेच्या अंगावर नांगर चालवायचा नाही, ही त्यामागची श्रद्धा. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ साली बैगांवरच्या आपल्या ग्रंथात याची तपशिलाने नोंद केली आहे. इंग्रजांच्या वनखात्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेवर जवळजवळ सगळीकडे बंद पाडली. आता अशा घरातल्या आजोबांना ‘ही जमीन किती वर्षांपासून नांगरता?’ असं विचारलं, तर ते प्रामाणिकपणे थोडी वर्षं सांगतील आणि दावा तिथेच लंगडा होईल. ‘तुमचे लोक या डोंगरावर कुठे कुठे राहिले, कुठे पिकवलं, कुठे पुरलं?’ असं विचारणाऱ्यासमोर वेगळाच नकाशा उलगडतो. याच कायद्याने आदिम जमातींना त्यांच्या अधिवासावरही हक्क दिला आहे, हे नेमलेल्या माणसाला माहीत नसेल तर तो हा प्रश्न विचारणारच नाही.

म्हणून निवड मुलाखतीच्या खोलीत करू नये असं माझं ठाम मत आहे. उमेदवाराला एका शेताभोवती चालवावं, एका म्हाताऱ्या बाईशी अर्धा तास बोलू द्यावं, आणि मग त्याने लिहिलेलं त्या बाईला वाचून दाखवावं. ती ‘हो, हेच म्हणाले मी’ म्हणाली, तर माणूस सापडला.

गैरसमज: यंत्राचा आकडा म्हणजे खरा आकडा

एक एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ४,०४७ चौरस मीटर. चौकोनी तुकडा धरला तर एक बाजू साधारण ६३.६ मीटर. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. सालाच्या दाट पानांखाली चूक याहून वाढते. समजा, रेघ चारही बाजूंनी पाच-पाच मीटर आत आली. मग बाजू ५३.६ मीटरची उरते आणि क्षेत्र २,८७३ चौरस मीटरचं. चाळीस गुंठ्यांचे अठ्ठावीस झाले. माणसाने जमीन कसली तेवढीच आहे, बांध जागच्या जागी आहे, आणि बारा गुंठे पडद्यावरून गेले. सगळ्या बाजू एकदम आत येणं हे टोकाचं उदाहरण आहे हे खरं. पण भित्रा किंवा घाईतला सर्व्हेअर झुडुपं टाळून आतल्या बाजूने चालतो, तेव्हा नेमकं हेच घडतं. झाडीखाली फिरताना प्रत्येक कोपऱ्यावर थांबणं, शेत दोनदा फिरणं, शेजाऱ्याला बरोबर घेणं आणि शंका आली की सरळ टेप लावणं, एवढी साधी शिस्त महागड्या यंत्रापेक्षा जास्त जमीन वाचवते.

उपग्रहाच्या चित्राचंही तेच. २०१२ साली दुरुस्त झालेल्या वनहक्क नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की उपग्रहचित्रं आणि इतर तंत्रज्ञान हे पुराव्याला पूरक असेल, पुराव्याची जागा घेणार नाही. गुजरातेत उपग्रहचित्राच्या आधारे दावे फेटाळले गेले, तेव्हा आर्च वाहिनी ही संस्था उच्च न्यायालयात गेली आणि २०१३ साली न्यायालयाने त्या दाव्यांचा फेरविचार करायला सांगितलं. जंगलातली लहान शेतं, मधोमध राखलेली मोहाची झाडं, वरून पाहणाऱ्याला ती वनच दिसतात.

गैरसमज: गावातला माणूस पक्षपात करतो, बाहेरचाच बरा

हा समज सगळ्यांत पक्का आहे, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. चुलत्याच्या बांधावर पुतण्याने जीपीएस घेऊन उभं राहू नये. पण त्यावरचा उपाय बाहेरगावची भरती हा नव्हे. शेजारच्या दोन गावांतल्या दोघांची जोडी करावी आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या गावात मोजावं. त्यांना बोली कळते, वाटा कळतात आणि सोयरीक आड येत नाही.

कायद्याचा विश्वासही गावावरच आहे. दाव्याची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करते ती ग्रामसभेने निवडलेली वनहक्क समिती. वन आणि महसूल खात्याच्या कर्मचाऱ्यांनी त्या वेळी हजर राहून सही करायची, असं नियम सांगतो. संस्थेचा सर्व्हेअर या समितीचा मदतनीस असतो. तिच्या वरचा साहेब होण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही.

बाहेरच्या माणसाची अडचण बालाघाटात आणखी एका कारणाने मोठी आहे. हा जिल्हा दीर्घकाळ नक्षलप्रभावित म्हणून नोंदलेला. अनोळखी तरुण टोल्यावर येऊन घरं मोजतो, फोटो काढतो, माणसं मोजतो, हे पाहून गाव घाबरलं तर दोष गावाचा नाही. ओळखपत्र, पंचायतीला आणि ठाण्याला आधी दिलेलं पत्र, गावातलं एक माणूस सोबत, आणि अंगावर खाकी कपडा नाही. खाकी पाहिली की लोकांना वनरक्षक आठवतो आणि उत्तरं आखडतात.

भाषेचं थोडक्यात: ‘हिंदी येते ना, मग पुरे’ हे पुरत नाही. लांजी-कटंगीकडे पोवारी आणि मराठी कानावर पडते, वर गोंडी आणि बैगानी. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातला हा जिल्हा. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. गोंदियाकडच्या संस्था इथे काम करायला येतात तेव्हा सातबारा, तलाठी, गावठाण असे शब्द घेऊन येतात. इथे खसरा, पटवारी, आबादी. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे जुने दस्त तर आपल्याकडच्या अनेकांनी पाहिलेलेही नसतात. गावाचा सरपणावर, चराईवर, वाटेवर आणि पाण्यावर काय रिवाज आहे ते त्यांत लिहिलेलं असतं. ते वाचता येणारा एकजण तरी चमूत हवाच.

गैरसमज: अर्जामागे पैसे दिले की काम झपाट्याने होतं

झपाट्याने होतं, यात वाद नाही. दर अर्जाला ठरावीक रक्कम असली की रस्त्याकाठची घरं आधी होतात, नाल्यापलीकडचा टोला राहतो, आणि दाराला कुलूप असलेल्या घराची माहिती शेजाऱ्याला विचारून भरली जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला माणसं पहाटेच रानात जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता असतो, धान कापून झालं की कितीतरी पुरुष नागपूर-हैदराबादकडे मजुरीला निघतात. या दिवसांत भर दुपारी फिरणाऱ्याला कुलपंच भेटणार. आणि पावसाळ्यात नाले भरले की काही वस्त्यांवर जाताच येत नाही.

रोजाने किंवा महिन्याने पगार द्यावा. पेट्रोल वेगळं द्यावं. हिवतापाचा आणि सापांचा हा मुलूख आहे, तेव्हा विमा आणि औषधपाणी करारात लिहावं. गरिबांच्या घरहक्काचं काम करणाऱ्या संस्थेने आपल्याच माणसाला उन्हातान्हात तुटपुंज्या कंत्राटावर राबवणं मला अनैतिक वाटतं. वर प्रत्येक दहा-वीस अर्जांतला एक दुसऱ्या माणसाने पुन्हा जाऊन तपासावा, आणि हे सगळ्यांना आधीच सांगितलेलं असावं.

गैरसमज: कुटुंबप्रमुख भेटला की घर झालं

वनहक्काचा पट्टा विवाहित जोडप्याच्या बाबतीत दोघांच्या नावे नोंदवायचा, असं कायदा सांगतो. घरात एकटी बाई प्रमुख असेल तर तिच्या एकटीच्या नावे. तरीही अर्जावर नवऱ्याचं नाव ठळक आणि बायकोचं ‘पत्नी’ एवढंच लिहून आलेलं दिसतं. विधवा सून, परित्यक्ता मुलगी, भावाच्या घरात मागच्या खोलीत राहणारी बहीण, या बायका पुरुष सर्व्हेअरला बहुधा दिसतच नाहीत, कारण तो ओटीवर बसतो आणि त्या आत असतात. २०११ च्या जनगणनेत बालाघाटात हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या. एवढ्या बायकांच्या जिल्ह्यात चमूत निम्म्या बाया नसतील, तर तो सर्व्हे अर्धाच आहे.

आपल्याकडचा यातला मोठा धडा मुंबईचा. १९८५ साली, फूटपाथवरच्या झोपड्या हटवण्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता त्याच वर्षी, स्पार्क या संस्थेने भायखळा भागातल्या पदपथावर राहणाऱ्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना केली. त्या कामात स्वतः पदपथवासी सामील होते. पुढे त्यांच्यातल्या बायांमधून महिला मिलन उभं राहिलं, आणि गणना, नकाशा, घराचा आराखडा या गोष्टी त्या इतर शहरांतल्या बायांना शिकवू लागल्या. ज्यांची मोजदाद व्हायची त्यांनीच मोजपट्टी हातात घेतली, की आकड्यांवर पालिकेशी वाद घालायचं बळ वस्तीतच येतं.

गैरसमज: आता ड्रोन आले, माणसं कशाला?

स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. त्याआधी महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजून पाहिलं होतं. पण ही योजना आबादीपुरती आहे, शेतजमीन आणि वनजमीन तिच्यात येत नाही. शिवाय ड्रोन उडण्याआधी प्रत्येक घराची हद्द जमिनीवर चुन्याने आखावी लागते, आणि ती रेघ कुठून जाते यावर दोन शेजाऱ्यांना तिथेच उभं करून एकमत घडवावं लागतं. ते काम पायी चालणाऱ्यांचंच आहे.

गैरसमज: सर्व्हे झाला म्हणजे हक्क मिळाला

ही समजूत गावात असते, आणि कधी कधी सर्व्हेअरच ती पेरतो. ‘नाव लिहून घेतलं, आता घर येईल.’ संस्थेच्या नकाशाला कायद्यात हद्द ठरवण्याचा अधिकार नाही. मध्य प्रदेशात सीमांकन तहसीलदारांमार्फत होतं, वनहक्काचा दावा ग्रामसभा, उपखंड समिती आणि जिल्हा समिती या वाटेने जातो, आणि बैगांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतलं पक्कं घर वेगळ्या यादीतून येतं. नेमतानाच शपथ घ्यावी तसं सांगायला हवं: कोणतंही वचन द्यायचं नाही, कुणाकडून एक रुपया घ्यायचा नाही, आणि माहिती कशासाठी घेतो व कुणाला देणार ते आधी सांगून होकार घ्यायचा.

याच समजुतीची दुसरी बाजू कार्यालयात दिसते. अर्ज अपलोड झाले की प्रकल्प संपतो आणि सर्व्हेअरचा करारही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले होते त्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला तो थांबवला. त्या वेळी एकट्या मध्य प्रदेशात फेटाळलेले दावे साडेतीन लाखांच्या आसपास होते, देशात सगळ्यांत जास्त. त्यानंतर राज्याने वनमित्र पोर्टलवर फेरतपासणी सुरू केली, म्हणजे जुने दावे पुन्हा भरणं, पुन्हा पुरावे जोडणं, तेही नेटवर्क नसलेल्या गावांतून.

फेटाळणीचा निर्णय लेखी आणि कारणांसह मिळाला पाहिजे. उपखंड समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस असतात. कोणता बांध कुणी दाखवला, कोणत्या आजोबांनी निवेदन दिलं आणि ते आज कुठे भेटतील, हे मोजणी केलेल्या माणसालाच ठाऊक असतं. म्हणून त्याचा करार शेवटच्या अर्जापर्यंत ठेवू नये, शेवटच्या अपिलाची मुदत संपेपर्यंत ठेवावा, आणि तेवढ्या महिन्यांचा पगार प्रकल्पाच्या पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.