तहसीलदाराविरुद्ध, तहसीलदारापुढे
(कायदा आणि रस्ता : लेखांक ७)

आज जमावबंदीवर लिहायचं कबूल केलं होतं. ते आणखी एक आठवडा राहू द्या. गेल्या लेखावर सांगलीकडच्या एका शेतकरी कार्यकर्त्याचं पत्र आलं आहे आणि त्यातल्या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणं मला जमणार नाही.

हकिगत साधी आहे. नुकसानीचे पंचनामे झाले नाहीत म्हणून काही शेतकरी तहसील कचेरीपुढे ठिय्या मारून बसले. दगड नाही, काठी नाही, रस्ताही अडवलेला नाही. दुपारी पोलिसांनी त्यांना गाडीत घातलं, ठाण्यात बसवून ठेवलं आणि संध्याकाळी परत त्याच कचेरीत आणलं, या वेळी आतल्या खोलीत. ते लिहितात, ‘ज्या साहेबांच्या नावाने सकाळपासून घोषणा दिल्या, तेच समोर खुर्चीत. त्यांनी कागद पुढे केला, आम्ही सह्या केल्या, घरी आलो. आम्ही सही केली ती कशावर?’

सही केली ती जातमुचलक्यावर. ठाण्याच्या बोलीत या सगळ्या प्रकाराला चॅप्टर म्हणतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणातली ही कारवाई, म्हणून चॅप्टर. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आठवं प्रकरण नववं झालं, कलम १०७ चं १२६ झालं, १५१ चं १७० झालं. नाव मात्र चॅप्टरच राहिलं.

यातले दोन टप्पे वेगळे ओळखायला हवेत. कलम १७० खाली पोलीस कुणालाही आधीच ताब्यात घेऊ शकतात, पण तो माणूस दखलपात्र गुन्हा करायच्या बेतात असला पाहिजे आणि त्याला अडवायचा दुसरा मार्ग नसला पाहिजे. तेही चोवीस तासांपुरतं. आपल्या महाराष्ट्राने १९८१ साली जुन्या १५१ मध्ये दुरुस्ती करून, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ही मुदत एकूण तीस दिवसांपर्यंत नेता येईल अशी सोय करून ठेवली होती. नव्या संहितेच्या मजकुरात ती नाही. एखाद्या राज्य सरकारला ती पुन्हा आणावीशी वाटली, तर आमदारांना पत्रं लिहायची ती तेव्हा.

दुसरा टप्पा कलम १२६ चा. ‘सदर इसमाकडून शांतता भंग होण्याची शक्यता आहे’ असा अहवाल पोलीस पाठवतात आणि कार्यकारी दंडाधिकारी (तालुक्यात तहसीलदारच) विचारतात, तुझ्याकडून शांतता राखण्याचा बाँड का घेऊ नये? बाँड जास्तीत जास्त एक वर्षाचा. हा गुन्हा नाही, शिक्षा नाही, आरोपपत्रही नाही. पण जामीनदार मागितला आणि तो देता आला नाही, की तुरुंग. जामीनदाराला लागतो ऐपतीचा दाखला, आणि तो मिळतो तहसीलदाराकडून.

ही नोटीस जवळून पाहण्यासारखी असते. झेरॉक्स करून करून पुसट झालेला छापील नमुना. नाव, वय, रा., ता., जि. एवढ्या जागा पेनाने भरलेल्या. ‘भांडखोर प्रवृत्तीचा’ हे आधीच छापलेलं असतं, मग समोर सत्तरीचा वारकरी का असेना. कलम १३० सांगतं की मिळालेल्या माहितीचा सारांश, बाँडची रक्कम, मुदत, किती जामीनदार हे सगळं त्या माणसापुरतं लिहून द्यायचं. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक नोटिसांमध्ये सारांशाच्या जागी जे असतं, ते गावातल्या कुणाच्याही नावावर चिकटवता येईल.

आता थोडं आडवळण. हे सगळं एका पुणेकराने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाकडून निकाली काढून घेतलेलं आहे, आणि ते महाराष्ट्रातच फारसं कुणाला आठवत नाही याचं मला वाईट वाटतं. मधू लिमये तेव्हा बिहारमधल्या मुंगेरचे खासदार. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी लखीसराय रेल्वे स्टेशनवर त्यांना साथीदारांसह अटक झाली. कारण सांगितलं नाही. जामीन मिळण्याजोगी कलमं आहेत, एवढंच तोंडी कळलं. लिमयांनी त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. अटकेची कारणं सांगणं राज्यघटनेच्या कलम २२(१) ने बंधनकारक केलं आहे, ते इथे पाळलेलं नाही. दंडाधिकाऱ्यांनी कोठडीचे आदेशही डोकं न वापरता, ठरावीक साच्यात दिले आहेत, त्यामुळे मूळची चूक भरून निघत नाही, असं म्हणून न्यायालयाने त्यांची सुटका केली. लिमये हे तुरुंगाला नवखे नव्हते. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या लष्करी न्यायालयाने त्यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली होती. १९५७ मध्ये ते सुटले. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या कैदेतून आलेल्या माणसाला स्वतंत्र देशातल्या कोठडीत घटनेचं कलम काढून बसावं लागलं.

पण आपल्या सांगलीकर मित्राच्या कामाचा निकाल त्यानंतरचा, २८ ऑक्टोबर १९७० चा. मुंगेरच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याविरुद्ध मधू लिमये. सात न्यायाधीशांचं पीठ, निकाल सरन्यायाधीश हिदायतुल्लांचा. (तेही एकेकाळी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.) चॅप्टरची कलमंच घटनाबाह्य आहेत हे लिमयांचं म्हणणं पीठाने मान्य केलं नाही. माझ्या मते तिथे एक संधी गेली. परंतु एक गोष्ट ठामपणे सांगितली. चौकशी सुरू केल्याशिवाय अंतरिम बाँड मागता येत नाही. पोलिसांचा अहवाल आला, माणूस उभा केला, भर बाँड नाहीतर जा आत, हे बेकायदा. अहवाल खरा की खोटा हे दंडाधिकाऱ्याने आधी तपासायला लागलं पाहिजे. नव्या संहितेच्या कलम १३५ चा अर्थ आजही याच निकालाने लावायचा.

तुमच्या प्रकरणात चौकशी झाली का? पत्रात लिहिलंय की सगळं आटपायला चहाला लागतो तेवढा वेळ लागला. म्हणजे नाही झाली.

मग प्रश्न उरतो की सात न्यायाधीशांनी सांगूनही हे चालतं कसं. तालुक्याच्या खोलीत ते वाचून दाखवणारा कुणी नसतो, हे एक. खरी गोम मात्र खुर्चीत आहे. १९७४ पासून लागू झालेल्या संहितेने १०७ ची कामं कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे दिली, न्यायिक दंडाधिकाऱ्यांकडे नाही. गावाकडे ज्याच्या दारात आंदोलन, तोच निवाडा करणार. शहरातही तीच तऱ्हा: जुन्या संहितेखाली मुंबईत सहायक पोलीस आयुक्तच विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून चॅप्टर चालवत आले. पकडणारे पोलीस, अहवाल पोलिसांचा, निवाडा पोलिसाचा. नव्या संहितेच्या कलम १५ ने अशा नेमणुकीसाठी पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाची अट घातली. दर्जा वाढला, खातं तेच.

ही नेमणूक दिल्ली करत नाही. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्यसूचीतले पहिले दोन विषय. कार्यकारी दंडाधिकारी नेमतं राज्य सरकार. म्हणून माझी मागणी मंत्रालयाकडे आहे. आंदोलनातून उद्भवलेलं चॅप्टर त्या आंदोलनाचा रोख ज्याच्यावर आहे त्या अधिकाऱ्यापुढे चालणार नाही, आणि पोलीस अधिकाऱ्यापुढे तर नाहीच, असं एक परिपत्रक काढायला कायदा बदलावा लागत नाही. निवडणुका जवळ आल्या की सरकारं आंदोलकांवरचे खटले मागे घेण्याच्या घोषणा करतात. ते बरंच आहे, पण ती मेहेरबानी झाली. शिवाय चॅप्टर हा खटलाच नव्हे, त्यामुळे त्या यादीत तो बसत नाही. तो ठाण्याच्या दप्तरात पडून राहतो आणि पुढे कधी तडीपारीचा प्रस्ताव निघाला की जुन्या कारवायांच्या तक्त्यात पुन्हा वर येतो.

आणखी एक गोष्ट सरकारला उद्या सकाळी करता येईल. नव्या संहितेचं कलम ३७ म्हणतं, अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावा, आणि त्यासाठी एक अधिकारी नेमा. आपल्या ठाण्यात तो फलक आहे का, बघून या. ठिय्या आंदोलनातल्या माणसाच्या घरच्यांना संध्याकाळपर्यंत तीन ठाणी पालथी घालायला लागतात ते या एका फलकाअभावी. ‘अटक नाही, फक्त ताब्यात’ या उत्तराने तो चुकवता येऊ नये, एवढी ओळ परिपत्रकात हवी.

सांगलीकर मित्रासाठी: सही झाली म्हणून सगळं संपलं असं समजू नका. कलम १३० च्या आदेशाची आणि बाँडची नक्कल लेखी मागा, अर्जावर पोहोच घ्या. चौकशी सहा महिन्यांत पूर्ण झाली नाही, तर दंडाधिकाऱ्याने खास कारणं नोंदवल्याशिवाय ती आपोआप संपते, तेव्हा तारीख वहीत लिहून ठेवा. नक्कल हाती आली की जिल्हा सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्जाबद्दल वकिलांशी बोला. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीत असलेल्या कुणालाही तिथे मोफत वकील मिळतो.

बाकी वाचकांकडे अशा नोटिसा असतील तर नावं झाकून मला पाठवा. छापील मजकुराचे नमुने गोळा करतो आहे. जमावबंदी आणि माजलगावच्या ईदगाह मैदानाची २०२० ची हकिगत पुढच्या आठवड्यात.