अपरिचित जलाशयावर सहकुटुंब गळ टाकण्यापूर्वी

हिमप्रदेशात गोठलेल्या सरोवराला छिद्र पाडून मासे धरणारी कुटुंबे निदान दहा सेंटिमीटर जाडीच्या अभंग, स्वच्छ बर्फाची खात्री झाल्यावाचून त्यावर पाऊल ठेवीत नाहीत. वाशीम जिल्ह्यात पाणी गोठत नसले, तरी कारंजा तालुक्यातील अडाण किंवा वाशीमनजीकचे एकबुर्जी यांसारखे जलाशय रब्बीच्या पाळ्या सुटून ओसरू लागले, म्हणजे उघड्या पडलेल्या काठावरील काळ्या मातीला वरून वाळलेली, भेगाळलेली खपली धरते आणि तिच्याखाली चिखल तसाच ओला राहतो. म्हणून मुलांना पुढे धाडण्याआधी जाणत्या माणसाने काठीने जमीन चाचपून पाहणे अत्यावश्यक होय.

अशा जलाशयांतील मासेमारीचा इजारा बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि तिने सोडलेल्या मत्स्यबीजावर कित्येक घरांच्या चुली अवलंबून असतात, हे ध्यानी घेता तिच्या परवानगीवाचून गळ टाकणे मला सर्वथा अनुचित वाटते. शिवाय पाणी कोठे अकस्मात खोल होते, हे त्या संस्थेच्या नावाड्यांइतके कोणास ठाऊक असणार?

कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, तेव्हा गळाची खोली त्या मानाने राखावी. थंडीत मासा मंदावत असल्याने पहाटेपेक्षा ऊन चढल्यावरची वेळ बरी. सांडवा व कालव्याचे मुख यांपासून दूर बसावे. पावसाळ्यात अंड्यांनी भरलेली मादी गळाला लागली, तर ती तत्काळ पाण्यात परत सोडावी.