शेंगांची चटणी आणि शेरी

माझ्या भाच्याने बँकेतली नोकरी सोडून अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीत काम धरले, तेव्हापासून आमची अक्का त्याच्याशी बोलेनाशी झाली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीच्या, दिल्लीच्या आणि अकलूजच्या भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ती काढली, हे मी अक्काला कौतुकाने सांगितले. "सहा जणांत एकालाही शहाणपण सुचलं नाही?" एवढेच ती म्हणाली. १९४९चा दारूबंदी कायदा सरकारपेक्षा अक्काच अधिक कडक पाळते!

गेल्या दिवाळीत भाचा सोलापूरला आला तो स्पेनच्या तीन बाटल्या घेऊन. चव ओळखण्याची कसली परीक्षा होती म्हणे. परवाने आम्हां दोघांचेही होते. पण मी काही त्यातला दर्दी नव्हे. अक्का स्वयंपाकघरात चकल्या तळत होती, कान मात्र बाहेर.

पहिली फिनो शेरी, दक्षिणेकडच्या हेरेथ गावची. रंग वाळल्या गवतासारखा फिकट. "मामा, घाई नको, आधी वास." ओल्या बदामांचा आणि किंचित आंबल्या पिठाचा वास आला. गोडी नावालाही नाही! पिंप थोडे रिते ठेवतात, मग वर यीस्टची पांढरी साय धरते आणि आतल्या मद्याला हवा लागू देत नाही. तिकडे फिनोबरोबर खारे बदाम खातात. आम्ही कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घेतली, आणि खरे सांगतो, जोडी जमली.

रिओहाच्या तांबड्या रेझेर्वाशी मात्र चटणीचे बिनसले. तीन वर्षे मुरलेली, त्यातले निदान एक वर्ष ओकच्या पिंपात. व्हॅनिलाचा सुरेख वास. पण लसणीच्या तिखटापुढे ती नुसती जाळत गेली.

तिसरी ओलोरोसो. हिच्यात मद्यार्क अधिक, म्हणून साय धरत नाही. हवेने रंग तपकिरी होतो. भाचा सांगू लागला, "पिंपांच्या ओळी एकावर एक. तळच्या ओळीतून थोडी काढायची, तेवढी वरच्या ओळीतून भरायची. तळचं पिंप कधी रिकामं होत नाही."

"म्हणजे विरजणच की," आतून आवाज आला. अक्का झारा हातात घेऊन दारात उभी. तिच्या सासूबाईंचे विरजण तिने तीन बिऱ्हाडे बदलली तरी मोडू दिलेले नाही. "सगळं काढत नाहीत ना रे?"

"नाही आई. वर्षाला फार तर तिसरा हिस्सा."

तेवढ्यात भाच्याने तोंडातला घोट कोपऱ्यातल्या पितळी पिकदाणीत टाकला. अक्का बघतच राहिली.

"थुंकलास?"

"दिवसाला तीस-तीस नमुने चाखायचे असतात. गिळून कसं चालेल?"

"रोज थुंकतोस?"

"रोज."

अक्काने माझ्या हातातला पेला घेतला, दुरूनच हुंगला आणि "अक्रोड," म्हणून परत दिला. मग आत जाऊन चकल्यांची बशी आणली, ती त्याच्या पुढ्यात जरा आपटूनच ठेवली.