पुस्तक आणि कवायत

सकाळच्या वेळी नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या मैदानावर गेलात, तर गणवेश घातलेली मुले-मुली एका तालात संचलन करताना तुम्हांला दिसतील. घटकाभराने तीच मुले प्रयोगशाळेत किंवा मराठीच्या तासाला बसलेली असतात. ह्यांना विद्यार्थी म्हणावे की सैनिक? ती विद्यार्थीच होत. परंतु शिकता शिकता सैनिकी शिस्तही अंगी बाणवणारी. ती राष्ट्रीय छात्रसेनेची, म्हणजेच एन. सी. सी.ची छात्रे होत.

पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९४८ साली ह्या संघटनेचा कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ रोजी तिचा प्रारंभ झाला. त्या दिवशी मराठवाडा अद्याप निजामाच्या अमलाखाली होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला. पुढे १९५० साली नांदेडात पीपल्स कॉलेज व १९६१ साली लातुरात दयानंद महाविद्यालय निघाले आणि उच्च शिक्षण खेड्यांतील मुलांच्या आवाक्यात आले. आज नांदेड येथे ५२ महाराष्ट्र बटालियन व लातूर येथे ५३ महाराष्ट्र बटालियन आहे.

छात्रसेनेत केवळ पाय आपटावयास शिकवतात, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. कवायतीबरोबर निशाणबाजी, प्रथमोपचार व नकाशावाचनही तेथे शिकवले जाते. पन्नास हजारांस एक ह्या प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. होकायंत्र हाती घेऊन, हे अंतर मोजून अनोळखी रानातून वाट काढावयाची, तर वर्गातील भूगोल व भूमिती यांचाच आधार घ्यावा लागतो. पुस्तक आणि कवायत एकमेकांचे वैरी नव्हेत, हे तेथे प्रत्यक्ष पटते.

वरिष्ठ विभागात दुसऱ्या वर्षानंतर 'बी' व तिसऱ्या वर्षानंतर 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. त्यासाठी नियमित हजेरी व शिबिरातील सहभाग आवश्यक असतो. 'सी' परीक्षेत किमान 'बी' श्रेणी आणि पदवी परीक्षेत किमान ५० टक्के गुण मिळवणाऱ्या उमेदवारास वय व इतर अटी पूर्ण होत असल्यास भूदलातील अधिकारपदासाठी लेखी परीक्षेवाचून निवड मंडळापुढे जाता येते. ह्या अटीतच एक बोध आहे: मैदान गाजवले, पण पदवी गमावली, तर हे दार उघडत नाही.

दार उघडले म्हणजे घरात प्रवेश मिळालाच, असेही नव्हे. निवड मंडळ काही दिवस उमेदवाराचे विचार, वागणूक व सहकार्याची वृत्ती पारखते. त्या कसोटीस उतरून वैद्यकीय तपासणी व गुणानुक्रम यांतूनही जे पार पडतात, ते चेन्नई येथील प्रबोधिनीत प्रशिक्षणास जातात. पुष्कळ उमेदवार परत येतात. "पोराने वर्षे वाया घालवली तर?" ही कोरडवाहू शेती करणाऱ्या बापाची चिंता म्हणूनच खोटी नाही. परंतु पदवी पूर्ण केलेला तरुण रिकाम्या हाताने परतत नाही. तो शिक्षक होईल, पोलीस होईल, उत्तम शेतकरी होईल. वेळ पाळण्याची सवय व दहा जणांना बरोबर घेऊन चालण्याची कला त्याच्याजवळ राहीलच. शिवाय छात्रावर सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन नसते.

चीनच्या १९६२ च्या आक्रमणानंतर, १९६३ साली, हे शिक्षण महाविद्यालयांत सक्तीचे करण्यात आले होते. १९६८ साली ते पुन्हा ऐच्छिक झाले. आज मैदानावर दिसणारी मुले कोणी हाकलली म्हणून आलेली नाहीत. पहाटेची झोप मोडून ती आपण होऊन आली आहेत. शिस्त प्रथम स्वतःला लावावी लागते. मगच ती दुसऱ्याला लावण्याचा अधिकार प्राप्त होतो.