मांजराचा कोरोना आणि काचेच्या नळीतला थेंब

तुमसर हे धानाचं गाव. राईस मिल, गोदामं, बाजार समितीचं आवार. धान आलं की उंदीर आले आणि उंदरांमागे मांजरं. ही मांजरं कुणी विकत आणलेली नसतात. पोत्यांच्या थप्पीआड दोन-तीन माद्या एकाच वेळी वितात आणि पिल्लं एकाच कोपऱ्यात वाढतात. मांजरांचा कोरोना अशाच दाटीत पसरतो.

हा विषाणू कोविडचा नव्हे, त्याच्याही खूप आधीचा. त्यातून होणाऱ्या जीवघेण्या आजाराचं वर्णन बोस्टनच्या डॉ. जीन होल्झवर्थ यांनी १९६३ मध्येच केलं. त्यामागे कोरोना विषाणू आहे, हे पुढे कळलं. तो विष्ठेतून पसरतो. बहुतेक मांजरांना थोडे जुलाब होतात, तेवढंच. पण शंभरातल्या पाच-दहा जणांच्या शरीरात विषाणू स्वतःला बदलतो आणि थेट पांढऱ्या पेशींत शिरतो. मग पिल्लू खाणं सोडतं, ताप उतरत नाही, पाठीचा कणा हाताला लागतो आणि पोट मात्र तट्ट फुगतं. पशुवैद्य याला एफआयपी म्हणतात.

असं पिल्लू दवाखान्यात येतं तेव्हा मोठ्या प्रयोगशाळेशिवायही एक तपासणी करता येते. डॉक्टर पोटाच्या एका बाजूचे केस काढतात, कातडी स्पिरिटने पुसतात आणि बारीक सुईने थोडं पाणी ओढून घेतात. एफआयपीचं पाणी पिवळसर आणि चिकट असतं, बोटांत धरलं तर तार सुटते. काचेच्या नळीत सुमारे ८ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात तीव्र ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब मिसळतात. मग पोटातल्या पाण्याचा एक थेंब अलगद वर सोडायचा आणि बघत राहायचं. थेंब विरघळून नाहीसा झाला, तर एफआयपी बहुधा नाही. तो आकार न मोडता पृष्ठभागाला लटकून राहिला किंवा सावकाश खाली उतरला, तर संशय बळावतो. या तपासणीचं नाव रिव्हाल्टा. जंतुसंसर्गातही थेंब तसाच राहू शकतो, म्हणून केवळ तिच्यावर निदान ठरत नाही.

पूर्वी एफआयपी म्हणजे मरणच. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डॉ. नील्स पेडरसन यांच्या गटाने ३१ मांजरांना जीएस-४४१५२४ हे औषध दिलं आणि त्यातली बहुतेक वाचली. रेमडेसिविर शरीरात गेल्यावर याच द्रव्यात बदलतं. एप्रिल २०२१ मध्ये ज्या इंजेक्शनसाठी विदर्भातले नातेवाईक रात्र-रात्र वणवण फिरले, तेच हे रेमडेसिविर.

तपासणी चालू असताना घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: हा रोग आमच्या लेकरांना तर लागणार नाही ना? मांजरांचा हा जुना कोरोना माणसाला होत नाही. कोविडचा विषाणू वेगळा आहे आणि तो बहुतेक वेळा माणसाकडून मांजराकडे जातो. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन पाळीव मांजरं बाधित आढळली. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातले ८ सिंह पॉझिटिव्ह निघाले. त्याच वर्षी ३ जूनला चेन्नईजवळच्या वंडलूरला नीला ही सिंहीण दगावली.

उलट दिशेचं उदाहरणही नोंदलेलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये थायलंडच्या सोंगखला इथे कोविड झालेल्या बापलेकांचं मांजर तपासताना ते पशुवैद्य बाईंच्या तोंडासमोर शिंकलं. मास्क आणि हातमोजे होते, डोळे उघडे होते. त्यांना कोविड झाला आणि दोघांतल्या विषाणूचा जनुकीय क्रम जुळला. अशी उदाहरणं जगात फार थोडी आहेत, पण नमुना घेणाऱ्याने डोळेही झाकावेत, एवढं त्यातून नक्की ठरलं.

माणूस, जनावर आणि रान यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी नागपुरात ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. नागपूर तुमसरहून शंभरेक किलोमीटरवर आहे. पण या साखळीची पहिली कडी तालुक्याचा ढोरांचा दवाखानाच आहे. गाई-म्हशींसोबत तिथे मांजरंही आली, तरच आजार वेळेत नजरेस पडेल.

म्हणून घरात कुणाला कोविड झाला, तर बरं होईपर्यंत त्याने मांजराला कुशीत घेऊ नये, त्याच्या ताटलीला हात लावू नये. विष्ठेची जागा रोज साफ करावी, हात साबणाने धुवावेत. आणि पोट फुगलेलं पिल्लू दिसलं, तर भीतीपोटी पोत्यात घालून वैनगंगेपलीकडे सोडू नका, दवाखान्यात न्या.